सहा मतं कमी पडली : 1970 ची फसलेली घटनादुरुस्ती आणि इलेक्टोरल कॉलेज

17 सप्टेंबर 1970 रोजी अमेरिकेच्या सिनेटमध्ये एका प्रस्तावावर मतदान झालं. बाजूने 54, विरोधात 36. बहुमत उघड होतं, तरी प्रस्ताव पडला. मागणी एवढीच होती की चर्चा आता पुरे, मूळ विषय मताला टाका. त्या काळी चर्चा थांबवायला हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश सदस्यांचा होकार लागायचा, म्हणजे 90 पैकी 60. सहा मतं कमी पडली. आणि मूळ विषय होता इलेक्टोरल कॉलेज मोडीत काढून अध्यक्षाची निवड थेट जनतेच्या एकूण मतांवर करण्याचा.

इलेक्टोरल कॉलेजची चर्चा निघाली की आपण लगेच 2000 आणि 2016 च्या निकालांवर येतो. जास्त मतं मिळवूनही अल गोर हरले, हिलरी क्लिंटन हरल्या, हे सगळ्यांना माहीत असतं. पण इतकी टीका होऊनही ही पद्धत टिकली कशी, हे समजून घ्यायचं तर 1968 ते 1970 या काळाकडे जावं लागतं. थेट निवडणूक तेव्हा जितकी दृष्टिपथात आली होती, तितकी त्याआधी आली नव्हती आणि नंतरही आलेली नाही.

आधी पद्धत थोडक्यात. प्रतिनिधीगृहातल्या जागा अधिक सिनेटच्या दोन, इतके इलेक्टर, म्हणजे अध्यक्षासाठी प्रत्यक्ष मत देणारी माणसं, प्रत्येक राज्याला मिळतात. राजधानी वॉशिंग्टनला तीन. एकूण 538, हेच इलेक्टोरल कॉलेज; जिंकायला 270. जवळपास सगळ्या राज्यांत नियम असा की तुम्ही एका मताने जरी पुढे असलात तरी त्या राज्याचे सगळे इलेक्टर तुमचे. हा नियम राज्यघटनेतला नव्हे, राज्यांनी तो आपापल्या कायद्याने केला आहे. कुणालाच 270 मिळाले नाहीत तर निवड प्रतिनिधीगृहाकडे जाते आणि तिथे दर राज्याला एकच मत असतं. 1968 साली कॅलिफोर्नियाचे 40 इलेक्टर होते आणि अलास्काचे तीन. पण गाडी प्रतिनिधीगृहात गेली असती तर दोघांची किंमत सारखीच.

वॉलेस यांचा डाव

1968 च्या निवडणुकीत रिपब्लिकन रिचर्ड निक्सन आणि डेमोक्रॅट ह्युबर्ट हम्फ्री यांच्यासोबत तिसरे उमेदवार होते जॉर्ज वॉलेस. अलाबामाचे माजी गव्हर्नर आणि वंशविभक्तीचे उघड समर्थक. आपण अध्यक्ष होणार नाही याची कल्पना त्यांनाही असणारच. डाव असा होता की पहिल्या दोघांपैकी कुणाचेच 270 भरू द्यायचे नाहीत आणि मग आपले इलेक्टर घेऊन सौद्याला बसायचं. नोव्हेंबरमधलं मतदान आणि डिसेंबरच्या मध्यावर इलेक्टर प्रत्यक्ष मत देतात तो दिवस, यांच्यात जवळजवळ सहा आठवडे असतात. तो काळ त्यांनी हेरला होता. आपल्या इलेक्टरांकडून त्यांनी लेखी प्रतिज्ञापत्रं घेतली होती की मत वॉलेस यांना देऊ, किंवा ते सांगतील त्याला देऊ. बदल्यात काय मागणार, हेही लपून नव्हतं: दक्षिणेतल्या शाळांत गोऱ्या आणि काळ्या मुलांना एकत्र बसवण्यासाठी केंद्र सरकार जो रेटा लावत होतं, तो थांबवायचा.

निकाल लागला तेव्हा निक्सन यांना 43.4 टक्के मतं होती, हम्फ्री यांना 42.7. फरक साधारण पाच लाखांचा. वॉलेस यांना 13.5 टक्के, म्हणजे 99 लाखांच्या आसपास. इलेक्टर मात्र निक्सन 301, हम्फ्री 191 आणि वॉलेस 46. अलाबामा, मिसिसिपी, जॉर्जिया, लुईझियाना आणि आर्कान्सा ही पाच राज्यं वॉलेस यांनी जिंकली होती.

301 हा आकडा भक्कम वाटतो, पण कॅलिफोर्नियात निक्सन यांची आघाडी होती सव्वादोन लाखांची. ते एक राज्य हम्फ्री यांच्याकडे गेलं असतं तर निक्सन 261 वर आणि हम्फ्री 231 वर थांबले असते. कुणालाच बहुमत नाही, आणि व्हाइट हाउसची किल्ली वॉलेस यांच्या खिशात. पाच राज्यांपुरती ताकद असलेला माणूस साऱ्या देशाच्या नागरी हक्कांच्या धोरणावर अटी घालू शकला असता.

वॉलेस यांच्या 46 पैकी एक मत कुठून आलं, ते जवळून बघण्यासारखं आहे. त्यांच्या पाच राज्यांचे इलेक्टर होतात 45. शेहेचाळिसावा नॉर्थ कॅरोलिनाचा. ते राज्य निक्सन यांनी जिंकलं होतं, तिथले सगळे 13 इलेक्टर निक्सन यांच्या बाजूने निवडून आलेले होते. त्यांतल्या एका डॉक्टरने प्रत्यक्ष मत देताना ते वॉलेस यांच्या पारड्यात टाकलं. 6 जानेवारी 1969 रोजी काँग्रेसमध्ये मतमोजणी झाली तेव्हा सिनेटर एडमंड मस्की आणि प्रतिनिधी जेम्स ओ'हारा यांनी लेखी आक्षेप घेतला. हे मस्की हम्फ्री यांच्याबरोबर उपाध्यक्षपदाला उभे होते. म्हणजे जे मत परत मिळवायला ते झगडत होते, ते त्यांच्या प्रतिस्पर्ध्याला जाणार होतं. आक्षेप सिनेटने 33 विरुद्ध 58 मतांनी फेटाळला, प्रतिनिधीगृहाने 170 विरुद्ध 228 मतांनी. लोकांनी एकाला कौल दिला आणि इलेक्टरने दुसऱ्याला मत दिलं, तरी ते मत धरलं गेलं.

इंडियानाचे सिनेटर बर्च बाय

बर्च बाय हे इंडियाना राज्यातल्या शेतकरी घरातले, शेतीशास्त्र शिकलेले. सिनेटच्या न्यायविषयक समितीत घटनादुरुस्त्यांसाठी एक उपसमिती होती. 1963 पासून तिचं अध्यक्षपद तरुण बाय यांच्याकडे होतं. अध्यक्ष आजारी पडला किंवा उपाध्यक्षपद रिकामं झालं तर काय करायचं हे ठरवणारी 25 वी घटनादुरुस्ती त्यांच्या खटपटीतून झाली आणि 1967 मध्ये मंजूर झाली. घटनादुरुस्ती तडीस कशी न्यायची, हे त्यांनी करून पाहिलेलं होतं.

मे 1966 मध्ये त्यांनी जाहीरपणे थेट निवडणुकीची बाजू घेतली. 1967 च्या सुरुवातीला अमेरिकन बार असोसिएशनच्या आयोगानेही तोच निष्कर्ष काढला. आयोगाने इलेक्टोरल कॉलेजला लावलेली विशेषणं अशी: कालबाह्य, लोकशाहीविरोधी, गुंतागुंतीचं, संदिग्ध, अप्रत्यक्ष आणि धोकादायक. वकिलांच्या संस्थेने इतकं सडेतोड बोलावं, हे सहसा होत नाही.

1968 च्या निकालाने सगळ्यांची झोप उडाली आणि या प्रस्तावाला एकदम बळ आलं. मसुदा साधा होता. देशभरात सर्वांत जास्त मतं मिळवणारा जिंकेल, मात्र त्याला किमान 40 टक्के मतं हवीत. कुणालाच तेवढी मिळाली नाहीत तर पहिल्या दोघांत पुन्हा मतदान. प्रतिनिधीगृहात ब्रुकलिनचे इमॅन्युएल सेलर यांनी तो पुढे नेला आणि 18 सप्टेंबर 1969 रोजी तो 330 हून जास्त मतांनी मंजूर झाला, विरोधात फक्त 70. बाजूने बोलणाऱ्यांत टेक्ससचे तरुण रिपब्लिकन प्रतिनिधी जॉर्ज एच. डब्ल्यू. बुश होते. त्यांचेच चिरंजीव 2000 साली याच इलेक्टोरल कॉलेजच्या जोरावर अध्यक्ष झाले.

निक्सन आधी कचरत होते. थेट निवडणूक आपल्याला पसंत आहे, पण तीन चतुर्थांश राज्यं तिला मान्यता देणार नाहीत, असा त्यांचा सूर होता. प्रतिनिधीगृहाचा कौल पाहून सप्टेंबरअखेर त्यांनीही पाठिंबा दिला. गॅलपच्या चाचण्यांत सुमारे 80 टक्के लोक बदलाच्या बाजूने होते. दुरुस्ती पक्की व्हायला 38 राज्यं हवी होती. ऑक्टोबर 1969 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने राज्यांच्या विधिमंडळांचा अंदाज घेतला तेव्हा 30 राज्यं होकार देतील असं दिसत होतं आणि आणखी काही कुंपणावर होती. राहिलं होतं ते फक्त सिनेट.

घोडं अडलं कुठे

सिनेटच्या न्यायविषयक समितीचे अध्यक्ष होते मिसिसिपीचे जेम्स ईस्टलंड. समितीत साउथ कॅरोलिनाचे स्ट्रॉम थर्मंड, नॉर्थ कॅरोलिनाचे सॅम अर्विन आणि आर्कान्साचे जॉन मॅक्लेलन. विषय पत्रिकेवर कधी घ्यायचा हे अध्यक्षांच्या हातात असतं, आणि ईस्टलंड यांना घाई नव्हती. जी गोष्ट मताने हरवता येत नाही तिला वेळेने हरवायचं, हे दक्षिणेच्या सिनेटरांचं जुनं तंत्र. नागरी हक्कांच्या विधेयकांवर त्यांनी ते वर्षानुवर्षं वापरलं होतं.

त्यात मध्ये दोन मोठी भांडणं आली. निक्सन यांनी सर्वोच्च न्यायालयासाठी आधी साउथ कॅरोलिनाचे क्लेमंट हेन्सवर्थ आणि मग फ्लोरिडाचे हॅरल्ड कार्सवेल यांची नावं पाठवली. दोघांच्याही विरोधात आघाडी उघडली ती बाय यांनीच. नोव्हेंबर 1969 मध्ये सिनेटने हेन्सवर्थ यांना नाकारलं, एप्रिल 1970 मध्ये कार्सवेल यांना. याच समितीचे महिनेच्या महिने या कामात गेले. दक्षिणेचे सिनेटर दुखावले गेले आणि निक्सन यांचंही बाय यांच्याशी बिनसलं. व्हाइट हाउसने दुरुस्तीसाठी शब्द दिला होता, पण त्यासाठी कुणाला फोन करून मनवणं वगैरे काही त्यानंतर झालं नाही.

बाय यांनी दोन दगडांवर पाय ठेवला आणि त्यात दुरुस्ती बुडाली, अशी टीका होते. मला ती पटत नाही. कार्सवेल यांनी 1948 च्या एका प्रचारसभेत गोऱ्यांच्या वर्चस्वाचं जाहीर समर्थन केलं होतं. त्यांना सर्वोच्च न्यायालयात बसू देऊन बाय यांनी काळ्या नागरिकांच्या मताच्या किमतीविषयी सिनेटमध्ये कुठल्या तोंडाने बोलायचं? ते दोन लढे वेगळे नव्हतेच.

शेवटी समितीने 11 विरुद्ध 6 मतांनी प्रस्ताव पुढे पाठवला. विरोध करणारे सहा: ईस्टलंड, मॅक्लेलन, अर्विन, थर्मंड, नेब्रास्काचे रोमन हृस्का आणि हवाईचे हायरम फाँग. अहवाल सिनेटपुढे आला 14 ऑगस्ट 1970 रोजी, प्रतिनिधीगृहाच्या मंजुरीनंतर जवळपास अकरा महिन्यांनी. 1968 च्या निकालाची धास्ती तोवर ओसरली होती. नोव्हेंबरमध्ये मध्यावधी निवडणुका होत्या आणि सदस्यांना घरी जाऊन प्रचार करायचा होता. 8 सप्टेंबरला चर्चा सुरू झाली आणि विरोधकांनी भाषणांचा रतीब घातला. फिलिबस्टर म्हणतात तो हाच. 17 तारखेला ती सहा मतं कमी पडली. 29 सप्टेंबरला पुन्हा प्रयत्न झाला: बाजूने 53, विरोधात 34, हवी होती 58. 5 ऑक्टोबरला विषय बासनात गेला.

चर्चा थांबली असती तरी दुरुस्तीला दोन तृतीयांश मतं लागलीच असती, हे खरं आहे. म्हणून काहीजण म्हणतात की फिलिबस्टरने काही बिघडवलं नाही, मतंच नव्हती. पण चर्चा थांबवायला तत्त्व म्हणून नकार देणारे सिनेटर त्या काळी होते. आणि खुद्द दुरुस्तीवर उभं राहून 'नाही' म्हणणं, तेही 80 टक्के मतदारांच्या इच्छेविरुद्ध, निवडणुकीच्या तोंडावर, हे वेगळं धाडस मागतं. ते धाडस किती जणांनी दाखवलं असतं, हे पाहायची वेळच सिनेटने येऊ दिली नाही. माझा मुख्य आक्षेप इथे आहे.

दक्षिणेला कशाची भीती होती

थर्मंड यांचाच हिशेब पाहा. 1948 साली ते स्वतः दक्षिणेतल्या वंशविभक्तीवाद्यांचे उमेदवार म्हणून अध्यक्षपदाला उभे होते. देशभरात मतं मिळाली 2.4 टक्के, आणि इलेक्टर 39. त्याच निवडणुकीत प्रोग्रेसिव्ह पक्षाचे हेन्री वॉलेस (जॉर्ज यांच्याशी यांचा संबंध नाही) यांनाही जवळपास तेवढीच, 2.4 टक्के मतं पडली. त्यांचे इलेक्टर शून्य. एकाची मतं चार-पाच राज्यांत एकवटलेली, दुसऱ्याची देशभर विखुरलेली. प्रादेशिक गटाला बक्षीस द्यायचं आणि देशभर पसरलेल्या मताला पुसून टाकायचं, हा या पद्धतीचा स्वभाव आहे, आणि थर्मंड यांनी तो स्वतः अनुभवला होता.

मुळाशी गेलं तर हे 1787 पर्यंत पोहोचतं. फिलाडेल्फियातल्या घटना परिषदेत 19 जुलैला जेम्स मॅडिसन यांनी मान्य केलं होतं की निवड जनतेने करावी हेच सर्वांत योग्य. पण अडचणही त्यांनीच सांगितली: मताधिकार उत्तरेत जास्त पसरलेला आहे आणि थेट निवडणुकीत दक्षिणेला आपल्या निग्रो लोकसंख्येचा काही उपयोग होणार नाही. गुलामांना मत नव्हतं, पण जागावाटपात प्रत्येक गुलाम तीन पंचमांश माणूस म्हणून धरला जायचा आणि इलेक्टरांची संख्या त्यावर ठरायची. व्हर्जिनियाला याचा मोठा लाभ झाला. पहिल्या 36 वर्षांपैकी 32 वर्षं देशाचा अध्यक्ष व्हर्जिनियाचा होता.

गुलामगिरी गेली आणि तीन पंचमांशाचा नियमही गेला. काळी माणसं पूर्ण मोजली जाऊ लागली. त्यानंतर दक्षिणेच्या राज्यांनी साक्षरता चाचण्या, मतदान कर आणि सरळ दहशत वापरून त्यांना मतपेटीपासून दूर ठेवलं. इलेक्टर लोकसंख्येवर ठरतात, प्रत्यक्ष मतदानावर ठरत नाहीत. राज्यातल्या दहा टक्के लोकांनी मत दिलं काय आणि नव्वद टक्के लोकांनी दिलं काय, वजन तेवढंच. लोकांना मत न देऊ देता त्यांच्या नावावर वजन मिळवायचं, ही सोय फक्त इलेक्टोरल कॉलेजमध्ये आहे. थेट निवडणुकीत ज्याला रोखलं त्याचं मत राज्याच्याच खात्यातून वजा होतं.

1970 साली मताधिकार कायदा होऊन पाचच वर्षं झाली होती आणि काळे नागरिक मोठ्या संख्येने नावनोंदणी करत होते. तरीही 1968 मध्ये अलाबामात काय झालं? वॉलेस यांना सुमारे 66 टक्के मतं, आणि दहाच्या दहा इलेक्टर त्यांचे. इतकी वर्षं झगडून, मार खाऊन मिळवलेलं काळ्या मतदारांचं मत राज्याच्या सीमेवर शून्य होत होतं. थेट निवडणूक आली असती तर बर्मिंगहॅममधलं ते मत शिकागो आणि न्यूयॉर्कमधल्या मतांच्या बेरजेत जाऊन बसलं असतं. सिनेटमधल्या भाषणांत संघराज्य, परंपरा, घटनाकारांचं शहाणपण हे शब्द पुष्कळ होते. पाणी कुठे मुरत होतं ते या अलाबामाच्या आकड्यात दिसतं.

छोट्या राज्यांचा मुद्दा

इलेक्टोरल कॉलेज छोट्या राज्यांचं रक्षण करतं, हा युक्तिवाद तेव्हाही जोरात होता. हृस्का आणि फाँग यांचा विरोध त्याच वळणाचा होता, तो खोटा म्हणता येणार नाही. पण छोटी राज्यं एका सुरात बोलत नव्हती. 1966 साली डेलावेअर हे चिमुकलं राज्य सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं, कारण 'जिंकेल त्याला सगळे' या नियमाने उमेदवार मोठ्या राज्यांतच अडकून पडतात आणि आपल्याकडे कुणी फिरकत नाही, अशी त्याची तक्रार होती. त्याला इतर काही राज्यांची साथही मिळाली. न्यायालयाने खटला ऐकायला नकार दिला. सिनेटमधले बहुमताचे नेते माइक मॅन्सफिल्ड विरळ वस्तीच्या मोंटानाचे, आणि ते थेट निवडणुकीच्या बाजूचे होते.

विरोधातले काही मुद्दे मात्र वजनदार होते. 40 टक्क्यांची अट आणि फेरमतदान ठेवलं तर छोटे पक्ष वाढतील आणि फेरमतदानाआधी सौदेबाजी होईल, हा त्यांपैकी एक. दुसरा, निकाल अटीतटीचा लागला तर फेरमोजणी एका राज्यात न होता साऱ्या देशात करावी लागेल. 2000 साली फ्लोरिडाच्या 537 मतांसाठी पाच आठवडे जे चाललं ते आठवलं की हा मुद्दा हसण्यावारी नेता येत नाही. तिसरा मुद्दा नागरी हक्कांच्या गोटातूनच आला. 1979 च्या सुनावणीत नॅशनल अर्बन लीगचे व्हर्नन जॉर्डन यांनी थेट निवडणुकीला विरोध केला. न्यूयॉर्कसारख्या मोठ्या, चुरशीच्या राज्यात काळ्या मतदारांचा एकगठ्ठा कौल पारडं फिरवू शकतो आणि ती ताकद जाईल, ही त्यांची काळजी होती. उत्तरेतल्या शहरांपुरती ती तेव्हा रास्त होती. पण एखादं राज्य चुरशीचं राहील की नाही, हे मतदाराच्या हातात नसतं. न्यूयॉर्क पुढे एका पक्षाचा बालेकिल्ला झालं आणि ती ताकद आपोआप विरली.

बाय यांनी माघार घेतली असती तर

अधलेमधले पर्याय समोर होते. इलेक्टर मतांच्या प्रमाणात वाटायचे, किंवा मतदारसंघनिहाय द्यायचे, किंवा इलेक्टर ही माणसं काढून टाकून नुसते आकडे ठेवायचे. बाय यांनी सगळे नाकारले. प्रमाणशीर आणि मतदारसंघनिहाय पद्धत नाकारली ते ठीकच केलं. मतदारसंघांच्या सीमा आखणाऱ्याच्या हाती अध्यक्षपद देणं हे आहे त्याहून वाईट. पण तिसरा पर्याय, निदान इलेक्टरांची मनमानी थांबवणारा, दोन्ही बाजूंना पचला असता असं मला वाटतं. नॉर्थ कॅरोलिनाच्या त्या डॉक्टरसारखी प्रकरणं 1970 मध्येच संपली असती. राज्यं इलेक्टरांना कौलाशी बांधून ठेवू शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगायला 2020 साल उजाडलं.

बाय थांबले नाहीत. 1976 मध्ये जिमी कार्टर यांनी जेराल्ड फोर्ड यांच्यावर सतरा लाखांच्या आसपास मतांनी मात केली. तरी ओहायो आणि हवाईत मिळून दहा हजारांहून कमी मतदारांनी मन बदललं असतं तर कार्टर यांचे 270 भरले नसते. त्या धक्क्यावर बाय यांनी पुन्हा दुरुस्ती आणली. 10 जुलै 1979 रोजी या वेळी खरोखर दुरुस्तीवरच मतदान झालं: बाजूने 51, विरोधात 48. हवी होती दोन तृतीयांश. 1980 मध्ये बाय डॅन क्वेल यांच्याकडून हरले आणि सिनेटबाहेर गेले. त्यानंतर हा विषय सिनेटमध्ये मतदानापर्यंत पोहोचलेला नाही.

2006 पासून सुधारणावाद्यांनी वेगळी वाट धरली आहे. घटनेला हात न लावता राज्यांनी आपसात करार करायचा की देशभरात ज्याला जास्त मतं पडतील त्यालाच आमचे सगळे इलेक्टर, आणि हा करार 270 इलेक्टरांची राज्यं सामील झाली की लागू. बाय शेवटपर्यंत या मोहिमेच्या बाजूने बोलत राहिले, 2019 मध्ये त्यांचं निधन झालं. 2007 मध्ये मेरीलँडने सुरुवात केली, 2024 मध्ये मेन आलं तेव्हा बेरीज 209 झाली. ज्या न्यू जर्सीत आणि कॅलिफोर्नियात मराठी कुटुंबं मोठ्या संख्येने राहतात, ती दोन्ही राज्यं करारात आहेत. नागरिकत्व घेऊन मत देणाऱ्या तिथल्या मराठी माणसाला दर चार वर्षांनी हेच ऐकावं लागतं की तुझ्या राज्याचा निकाल आधीच ठरलेला आहे. करारापुढे दोन अडथळे आहेत. आजवर सामील झालेली राज्यं प्रामुख्याने डेमोक्रॅट पक्षाच्या प्रभावाखालची आहेत, आणि राज्यांच्या अशा कराराला काँग्रेसची संमती लागते का, यावर न्यायालयाचा निवाडा व्हायचा आहे.